निर्मलाबाईंची गाडी

निर्मलाबाईंची गाडी आम्ही चालू करून दिली आणि त्या दिवसापासून ती त्यांना कधीच चालवता आली नाही. हे मी घरात पुष्कळदा बोलून दाखवलंय. सून म्हणते, "आई, सोडा ना आता, किती वर्षं झाली!" तिचं बरोबर असेल. ती स्वतः बिनगिअरची गाडी चालवते, परळच्या पुलावर ट्रॅफिक तुंबला की डावा पाय मागे घेऊन आरामात शेंगदाणे खात बसते. तिच्या शेजारी बसले की माझी नजर तिच्या त्या रिकाम्या पायाकडे जाते. तेव्हा, त्या गाडीच्या वेळी, एकदा जरी कुणाच्या पायाकडे नजर गेली असती तरी हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

आमचं गॅरेज लालबागला, चाळीच्या मागच्या अंगाला. पूर्वी तिथे म्हशी बांधत. भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच होत्या, बाबा त्यांना मोटारींचे पट्टे अडकवत. बाबा मूळचे गिरणीतले फिटर. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा चाळीतले कितीतरी पुरुष गॅलरीत बसून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. बाबा एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याचं इंजिन उघडून बसले. "यंत्र ता यंत्र गो," ते म्हणायचे, "गिरणीतलो साचो काय आणि मोटार काय, आपणाक ऐकूक येवक व्हया." शेजारी मसाला कुटायचे डंक होते. उन्हाळ्यात बायका मिरच्या-धण्यांच्या पिशव्या घेऊन रांगा लावत आणि दिवसभर धप्प-धप्प चालायचं. बाबांचा पान्हा नकळत त्या ठोक्यावर फिरायचा. हवेत मिरचीची धूळ इतकी, की आमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग बोलायचं. दुपारी आई वरच्या गॅलरीतून दोरीला बांधून डबा खाली सोडायची. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कधी कुळथाची पिठी. हात कितीही घासले तरी भाकरीला ग्रीसचा वास लागायचाच. अजूनही तांदळाची भाकरी खाताना मला काहीतरी कमी आहे असं वाटतं, ते ग्रीस असावं.

मी तेव्हा माटुंग्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. आईला सही करण्यापुरती अक्षरं येत होती. म्हणून मी जे झाले त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. वर्गातली मुलं म्हणायची, "नंदा, तू ड्रॉइंग काढ, पान्हे आम्ही फिरवतो." मी म्हणायचे, "तुम्ही आधी पान्हा ओळखून दाखवा." बाबांना कान होता, मला गणित येत होतं. दोघं मिळून आम्ही कुठलंही काम अंगावर घ्यायचो.

फक्त एक रीत होती. गाऱ्हाणं घातल्याशिवाय बाबा कुठल्याच इंजिनाला हात लावत नसत. गावाकडे देवापुढे घालतात तसंच. गाडीच्या नाकापुढे नारळ, दोन अगरबत्त्या, आणि मालकाने समोर उभं राहायचं. बाबा विचारणार, "गाडी कोणाची?" नाव सांगितल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मोठमोठी सुशिक्षित गिऱ्हाइकं आधी हसत आणि मग मुकाट्याने चपला काढत. बाबा एकेक वाक्य म्हणत आणि आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार भरायचा. मी इंजिनीअर होत होते, पण "व्हय म्हाराजा" मी कधी चुकवलं नाही. त्यात काही खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला शेखर नावाचा एक तरुण आला. नागपूरचा, पुण्यात नोकरीला. शिवाजी पार्कजवळ त्याच्या मामाचं घर होतं. मामा वारले होते, मामी एकटीच राहायची, आणि त्यांच्या इमारतीच्या मागे ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. "मामा गेल्यावर बंदच आहे," शेखर म्हणाला. "मामाची फार लाडकी. मे महिन्यात आम्ही भाचरं यायचो ना, तेव्हा मामा आम्हाला त्यातून वरळीला न्यायचा. मला ती चालू करून मामीला दाखवायचीय. तिला एवढंच सांगितलंय की दुरुस्तीला नेतोय. बाकी काही बोलू नका, सरप्राइज आहे."

आम्ही बघायला गेलो. ताडपत्री काढली आणि मी कॉलेज-बिलेज विसरून गेले. बाटलीच्या काचेसारखी गर्द हिरवी, लांब नाकाची, दोन दारांची विलायती स्पोर्ट्स गाडी. मामा बोटीवर होते, त्यांनी ती तिकडून आणवली होती. आश्चर्य म्हणजे तिला क्लच नव्हता. ऑटोमॅटिक. अशी गाडी आणि ऑटोमॅटिक! "तेच तर," शेखर म्हणाला, "शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपलाय. मामाने असं का केलं देव जाणे. तो गिअरबॉक्स गेलाय असं सगळे म्हणतात. आपण तो काढूनच टाकू. मला हिला खरे गिअर बसवून हवेत."

मामींनी वर चहाला बोलावलं. त्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, म्हणून इमारतीत सगळे त्यांना निर्मलाबाई म्हणत. दार त्यांनीच उघडलं. आत वळल्या तेव्हा फरशीवर आवाज आला. टक्, मग घसर. टक्, घसर. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्या होत्या, जाड तळाचा बूट होता. आवाज आला त्या क्षणी बाबांनी वर पंख्याकडे बघितलं आणि मी कपाटातल्या पुस्तकांकडे. आम्हाला तसंच शिकवलेलं होतं. आमच्या चाळीत एक लंगडणारा सुतार होता, लहानपणी मी त्याच्या पायाकडे टक लावून बघितलं म्हणून आईने पाठीत धपाटा घातला होता. "दुसऱ्याच्या व्यंगाकडे बगूचा नाय! तेका काय वाटात?" तेव्हापासून आम्हा भावंडांच्या नजरा आपोआप वळायच्या. हे आमचे संस्कार. बाईंनी ट्रे आणला, आम्ही कपांकडे बघत चहा प्यायलो. त्यांनी बाबांना एवढंच विचारलं, "होईल ना हो चालू?"

"धावेल बाई," बाबा म्हणाले. "पाण्यासारखी."

त्या हसल्या. हसताना त्यांनी उजवा पाय जरासा पुढे केला, असं मला आठवतं. पण हे नंतर आठवलेलं आहे, त्याचा काय भरवसा!

गाडी ओढून लालबागला आणली. बाबांनी नारळ ठेवला. "गाडी कोणाची?" शेखर हात जोडून म्हणाला, "मामाची. म्हणजे आता माझीच म्हणा." बाबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ही गाडी शेखररावांच्या मामांची. तिचा काम आमी हातात घेतला आसा. काय अडी-अडचण आसात तर ती दूर कर, आणि काय चुकला-माकला तर सांभाळून घे म्हाराजा!" आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा!" शेजारच्या डंकावरच्या बायकासुद्धा सवयीने म्हणाल्या.

त्या पावसाळ्यात मी जे काम केलं तसं पुढे नोकरीतल्या इतक्या वर्षांत फार थोड्या वेळा केलं. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा डबा उतरवला तेव्हा त्यातून कोकमाच्या आगळासारखं लाल तेल निघालं. डबा वरच्या गॅलरीत पोत्यावर ठेवला, तर तेल झिरपून आईच्या रांगोळीच्या जागेपर्यंत गेलं. "चेडवाक इंजिनीअर करतास आणि माझ्या दारात भंगार साठवतास!" आई बाबांवर खेकसली. बाबा म्हणाले, "भंगार न्हय ता. सव्वा वर्ष सांभाळूक व्हया. गिऱ्हायकाक परत व्हया झाला तर?" हीही त्यांची रीत. काढलेली वस्तू सव्वा वर्ष टाकायची नाही.

त्याच कंपनीचा गिअरचा डबा शेखरने भंगार बाजारातून शोधून आणला होता. पण तो लांबीला वेगळा. मागच्या चाकांना जाणारा दांडा किती कापायचा, डबा टेकायची पट्टी कुठे सरकवायची, गिअरच्या दांड्यासाठी गाडीच्या पोटाला भोक कुठे पाडायचं, हे सगळं मी कागदावर काढलं आणि बाबांनी त्या कागदाबरहुकूम कापलं. एकदाही माप चुकलं नाही. सगळं बसवल्यावर गाडी चालूच होईना, तेव्हा बाबा म्हणाले इंजिन बघू, मी म्हणाले थांबा. ऑटोमॅटिक गाडी चुकून गिअरमध्ये असताना चालू होऊ नये म्हणून एक खटका असतो, तो अजून जुन्या डब्याची वाट बघत होता. मी दोन वायरी जोडल्या आणि गाडी एका झटक्यात बोलली. बाबांनी माझ्या डोक्यावर तेलकट हात ठेवला. तो वास मी केस न धुता दुसऱ्या दिवशी कॉलेजात मिरवला.

पेडलं मीच बसवली. ऑटोमॅटिकला ब्रेकचं पेडल चांगलं रुंद असतं. ते काढून तिथे अरुंद ब्रेक आणि त्याच्या डावीकडे क्लच. ते करताना ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला. त्याच्या डाव्या कडेला, जिथे कुठलंच पेडल नव्हतं तिथे, एक खोल खळगा पडलेला होता, आत लोखंडाचा गंज लागलेला. मला वाटलं, कोणीतरी तिथे छत्री टेकवत असेल. गालिचा कुजला होता, मी टाकून दिला.

पुढे गणपती आले आणि आमची गल्ली माणसांनी अशी भरली की गाडी काय, हातगाडीसुद्धा हलेना. गाडी तयार होऊन आत अडकून पडली. त्या दिवसांत मी वर गॅलरीत तो जुना डबा उघडला. शेवटच्या वर्षाला काहीतरी करून दाखवायचं होतं आणि असलं यंत्र आमच्या प्राध्यापकांनीही आतून पाहिलेलं नव्हतं. एकेक चकती, एकेक कडं काढून आईच्या परातीत मांडलं. सगळं शाबूत होतं. फक्त एक रबरी कडी कडक झाली होती, नखाने दाबली तर वाजायची. तिच्यामुळे तेलाचा दाब धरत नव्हता. तेवढंच. अशी कडी ऑइल सीलच्या दुकानात मापावर करून मिळते, हे मला माहीत होतं. मी ती हातात धरून थोडा वेळ बसले. खाली गाडीत नवा डबा बसलेला होता, आता काय उपयोग, असं मी मनाशी म्हटलं. बाबांना म्हणाले, "हा कॉलेजात नेते, मुलांना दाखवायला." ते म्हणाले, "ने, पण सांभाळून." कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करवतीच्या यंत्रावर मी तो डबा उभा कापून घेतला. आतले भाग दिसावेत म्हणून लाल, पिवळा, निळा रंग दिला, बाजूला फिरवायला मूठ बसवली. मूठ फिरवली की आतलं सगळं सावकाश फिरताना दिसायचं. फार सुंदर झालं होतं. ते अजून त्या कॉलेजात काचेच्या पेटीत आहे.

दसऱ्याला सकाळी गाडी शिवाजी पार्कला नेली. आईने स्वतः झेंडूचं तोरण केलं होतं. शेखर पुण्याहून आला होता, आम्ही तिघं खाली उभे राहिलो आणि निर्मलाबाईंना बोलावलं. टक्, घसर, टक्, घसर, जिन्यावरून आवाज येत राहिला. आम्ही सवयीप्रमाणे झेंडूकडे बघत होतो. बाई आल्या. इस्त्रीची कॉटनची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, केस घट्ट बांधलेले. गाडीभोवती एक फेरी घातली, बॉनेटवर हात फिरवला. शेखरने डावीकडचं दार उघडून धरलं. बाईंनी त्याच्या दुसऱ्या हातातून किल्ली घेतली आणि त्या उजवीकडे गेल्या. ड्रायव्हरच्या दाराशी.

त्या बसल्या. मग दोन्ही हातांनी डावा पाय मांडीखाली धरून उचलला आणि आत ठेवला, अगदी रोज ठेवत असाव्यात तसा. लोखंड लोखंडावर वाजलं. पाय क्लचवर पडला होता.

तेव्हा आम्ही बघितलं. तिघांनीही, एकदम, त्यांच्या पायाकडे बघितलं.

"हे काय आहे रे?" बाई म्हणाल्या.

"मामी, क्लच," शेखर म्हणाला. "गिअर बसवले. पण... गाडी मामा चालवायचा ना?"

"तुझा मामा? त्याला गाडी चालवायचा कंटाळा. पाहुणे आले की चालवायचा, पुरुषाने चालवलेली बरी दिसते म्हणून. तू मे महिन्यात यायचास, माझ्या शाळेला तेव्हा सुट्टी." त्या पेडलाकडे बघत होत्या. "एरवी रोज सकाळी शाळेला मी न्यायची. म्हणून तर त्याने अशी शोधून आणली होती." शेखरचा चेहरा मला बघवेना. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. बाईंनीच आम्हाला त्यातून सोडवलं. "बसवले कोणी? तू, मुली? बाबांनी सांगितलं मला, तू इंजिनीअर होतेयस म्हणून. शाब्बास. ये, चालवून दाखव."

त्या उतरून डावीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. मी पार्कला एक चक्कर मारली. गाडी खरोखर पाण्यासारखी धावली, गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते, आणि बाई प्रत्येक गिअरला विचारत होत्या, हे कसं केलंस, ते माप कसं काढलंस. मी सांगत होते. मला सांगायला आवडत होतं, हेच मला अजून सहन होत नाही. समोर क्रिकेटच्या नेटमधून सुटलेला चेंडू रस्त्यावर आला, मी ब्रेक लावला आणि त्याच क्षणी बाईंचा उजवा पायही रिकाम्या जमिनीवर जोरात दाबला गेला.

घरी आल्यावर बाबा जेवले नाहीत. आईने विचारलं, तर म्हणाले, "बगूचा नाय, बगूचा नाय, करत ऱ्हवलंव. माणसाचे पाय बगल्याशिवाय पेडला बशयलंव." आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. धपाटा तिने घातला होता, हे तिलाही आठवलं असणार.

बाबा स्वस्थ बसणारे नव्हते. स्कूटरचा क्लच हातात असतो, मग मोटारीचा का नको? गाडी पुन्हा लालबागला आणून त्यांनी गिअरच्या दांड्याला स्कूटरचा खटका बसवला, त्यातून जाड वायर थेट क्लचपर्यंत नेली. दांडा धरायचा, चार बोटांनी खटका दाबायचा, गिअर टाकायचा, सावकाश सोडायचा. माझ्या हाताला जमत होतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी गाडी शिवाजी पार्कला नेली आणि बाईंनी बसून पाहिलं. गाडी एक उडी मारून बंद पडली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. फिरायला आलेली निवृत्त मंडळी जमली. त्यांच्यातले एक म्हणाले, "बाई, पुरे आता. या वयाला हे शोभतं का?"

"तुम्हाला या वयाला अर्धी चड्डी शोभते, तर मला हे शोभेल," बाई म्हणाल्या आणि पुन्हा किल्ली फिरवली. पण खटका कडक होता. दाबून धरताना त्यांची बोटं मधेच सुटायची. शेवटी त्यांनी तळवा साडीला पुसला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "हाताला जोर राहिला नाही, मुली. पायाला कधी नव्हताच."

बाबा पुढे झाले. "बाई, जुना डबा आहे आपल्याकडे. मी कधी तसल्या डब्यात हात घातला नाही, पण आता घालतो. नंदा आहे. उघडून बघू, जमवू, परत बसवू."

बाईंचा चेहरा असा उजळला की मी मान खाली घातली.

बसमध्ये बाबा खुशीत होते. "डबो कधी आणतंस कॉलेजातसून?"

"बाबा, तो कापलाय."

"म्हंजे झाकण?"

मी तळहाताची कड करून वरून खाली ओढली. "उभा. अर्धा." बाबांनी खिडकीकडे तोंड केलं. मग मी बाकीचंही सांगितलं, त्या रबरी कडीचं. हिंदमाताचा थांबा आला, गेला. लालबागला उतरताना ते म्हणाले, "बाईंका मी सांगतंय." ते एकटे जाऊन सांगून आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई म्हणाल्या, गाडी आता शेखर घेऊन जाऊ दे. आणि तुझा डबा बघायला येईन म्हणाल्या." कडीचं बाबांनी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

कॉलेजच्या प्रदर्शनात परीक्षक माझ्या टेबलाशी उभे असतानाच तो आवाज मला लांबून ऐकू आला. टक्, घसर. या वेळी मी बघितलं, सरळ, पायाकडे आणि मग चेहऱ्याकडे. मागे बाबा होते, धुतलेल्या शर्टात. बाईंनी मूठ धरली आणि सावकाश फिरवली. लाल चकत्या, पिवळ्या कड्या, निळी दातेरी चाकं एकमेकांत फिरत राहिली. त्यांनी वाकून बघितलं, पुन्हा फिरवलं. "म्हणजे माझ्या डाव्या पायाचं काम हे करत होतं," त्या म्हणाल्या. मग परीक्षकांसारख्याच सुरात, इतकी वर्षं ज्या सुरात मुलींना विचारत असतील त्या सुरात, त्यांनी विचारलं, "बिघडलं कुठे होतं?"

मी बोट दाखवलं. "ही रबरी कडी. कडक झाली होती. त्यामुळे दाब धरत नव्हता."

"बदलता आली असती?"

परीक्षक बघत होते. बाबा बघत होते.

"हो," मी म्हणाले. "सहज."

"हे तुला कापायच्या आधी कळलं होतं?"

"हो."

बाईंनी मूठ सोडली. चाकं आपल्या भाराने थोडी मागे फिरली आणि थांबली. "उत्तरं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या आणि टक्-घसर करत पुढच्या टेबलाकडे गेल्या.

मला पहिलं बक्षीस मिळालं. ते मी घेतलं, नाकारलं नाही. चाळीतल्या पोरीला पहिलं बक्षीस मिळतं तेव्हा ते परत करण्याइतकी मोठी मी नव्हते.

संध्याकाळी चषक घेऊन गॅरेजात आले तेव्हा डंक बंद झाले होते, हवा स्वच्छ होती. हातातला खटका काढायला परत आणलेली हिरवी गाडी तयार उभी होती, शेखर ती दुसऱ्या दिवशी पुण्याला नेणार होता. बाबांनी तिच्या नाकापुढे नारळ ठेवलेला होता, अगरबत्त्या लावल्या होत्या, आईलाही खाली बोलावलं होतं. हातात कुठलंच काम नसताना गाऱ्हाणं घातलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी चषक कुठे ठेवावा ते न कळून तसाच धरून उभी राहिले. गाडी कोणाची, हे या वेळी बाबांनी कोणाला विचारलं नाही.

"बा देवा म्हाराजा! ही गाडी निर्मलाबाईंची."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"आमी तेंका इचारूक नाय. तेंच्याकडे बगूक नाय. आमच्या हातान तेंचो रस्तो बंद झालो. तेचो दोष आमच्या पदरात घाल, आणि तेंका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

बाबांनी नारळ उचलला, पण फोडला नाही. डोळे मिटलेले, हात वर, तसेच थांबले. आईने माझ्याकडे बघितलं. माझा आवाज अजून आला नव्हता.

"व्हय," मी म्हणाले. "व्हय म्हाराजा."

मग बाबांनी नारळ फोडला.